पुसून गेलेली सकाळ

“त्याला झोपू द्याचं न्हाई. डोस्क्याला मार हाय. बोलत ऱ्हावा त्याच्यासंगं.”

भोरच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जखमीची म्हातारी आई नातलगांना बजावत होती. नोकरी संपून इतकी वर्षं झाली, तरी तिचा आवाज कानातून जात नाही. ते सगळं प्रकरण त्या एका वाक्यातून उभं राहिलं होतं.

सत्तरच्या दशकात महिला फौजदार म्हणजे नवलच. त्यात माझी शाळा इंग्रजी, स्वभाव अबोल. “बाईसाहेब बोलल्या की आम्हाला उठवा,” असं आमचे जमादार म्हणायचे. मी ऐकून घेत असे.

वेल्ह्याच्या बाजूच्या एका डोंगरी गावातून पोलीस पाटलांची वर्दी आली होती. भाताची रोपं टाकण्याआधी तिकडे फांद्या तोडून, त्या जाळून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी गेलेला एक शेतकरी झाडाखाली बेशुद्ध सापडला. शेजारी त्याचा चुलतभाऊ होता. बांधाच्या वादावरून दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. चुलतभावाला अटक झाली. जखमीने दवाखान्यात जबाब दिला, “म्या खाली वाकून भारा बांधत व्हतो, त्यानं मागनं काठी घातली.” खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला.

कोठडीतला चुलतभाऊ एकच सांगत होता. “दादा झाडावर व्हता. म्या फांद्या गोळा करीत व्हतो. फांदी मोडली नि त्यो पडला.”

“बोलत न्हाईस आन् त्याच्या फांद्या गोळा करतोस व्हय?” जमादार म्हणाले.

“त्या दिवशी दादानंच हाक मारली. म्हनला, ये.”

जमादार हसले. मला हसू आलं नाही. खोटं रचणारा माणूस याहून बरं काहीतरी रचतो.

मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सांगितलं, की जखमी शुद्धीवर आला तेव्हा ओकला आणि “माजी बैलं कुठंयत?” हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. उत्तर मिळालं तरी पुन्हा तेच. “मेंदूला धक्का बसून शुद्ध गेली, की त्याआधीचा थोडा काळ पुसला जातो. बहुतेकदा तो परत येत नाही,” ते म्हणाले.

मग त्या पुसलेल्या जागी काठी आली कुठून? मला व्हरांडा आठवला. झोपू द्यायचं नाही म्हणून सगळे त्याच्याशी बोलत होते, आणि बोलायला त्यांच्याकडे विषय एकच होता, चुलतभावाने घातलेली काठी.

जमादारांना घेऊन मी पुन्हा झाडापाशी गेले. पंचनाम्याच्या वेळी सगळ्यांनी जमीनच पाहिली होती. मी वर पाहिलं. अर्धवट तोडलेल्या फांदीत जखमीचा कोयता रुतून बसला होता. त्याच्या खालची, पाय ठेवायची फांदी ताजी मोडलेली. जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पंच बोलावले.

कोयत्याची गोष्ट मी जखमीला सांगितली नाही. एवढंच विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय आठवतं?”

तो छताकडे बघत बोलू लागला. “कोयता घिऊन घरनं निघालो. मग ही खाट.”

“आणि काठी?”

“आय सांगती तशी डोळ्याम्होरं येती. पर म्या बगितली न्हाई.”

“गप ऱ्हा,” म्हातारी म्हणाली. “डोस्क्याला लागलंय तुज्या.”

“लागलंय म्हनूनच सांगतोय, आये. ल्हिवा बाई. मला आठवत न्हाई.”

खाटेभोवती सगळी भावकी उभी होती. त्यातल्या एकालाही हे ऐकायचं नव्हतं. पुढे नोकरीत मी खोटे साक्षीदार पुष्कळ पाहिले, पण स्वतःच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं चित्र आपलं नाही, हे ओळखून तसं सांगणारा माणूस तो एकच. तेव्हापासून कुठलाही जबाब घेताना, हे तुम्ही पाहिलं की ऐकलं, एवढं विचारल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

चुलतभाऊ सुटला आणि ठाण्यातून थेट दवाखान्यात आला. दारातच थांबला. आत यावं की नाही, त्याला कळेना. खाटेवरच्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू विचारलं, “बाई, म्या खरंच त्याला हाक मारली व्हती का?”

जमादार माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “मी तिथं नव्हते, दादा. पण आता हाक मारा.”