टायरांना ग्लिसरीन

टायर काळे करायला तुम्ही तिकडे तयार बाटली आणता. आम्ही औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणायचो, थंडीत ओठांना लावायचं तेच. अर्धं ग्लिसरीन, अर्धं पाणी. टायर आधी पुसून कोरडा करायचा, मग सुती फडक्याने पातळ हात फिरवायचा आणि दहा मिनिटांनी जास्तीचं टिपून घ्यायचं. टिपलं नाही तर चाक फिरताच शिंतोडे गाडीच्या अंगावर उडतात आणि रस्त्याची सगळी धूळ टायरला चिकटते. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याला बोटही लावायचं नाही. मी इतकं ठणकावून सांगते, कारण या कामातली सर्वांत मोठी चूक आमच्याच घरी झाली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने पाठ फिरवली होती. मी रेणापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. नव्या सत्रापासून दहावीचा तास सकाळी सातला ठेवला होता आणि एसटी मला साडेसातला पोहोचवायची. मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितलं, जमत नसेल तर दहावी दुसऱ्यांना देतो. त्या मुलींना मी ए-बी-सी-डीपासून शिकवलं होतं. त्यांना शेवटच्या वर्षी सोडायला माझं मन तयार नव्हतं.

तुमचे आजोबा दुष्काळी कामांवर किनवटला होते आणि त्यांची जुनी गाडी अंगणात उभी होती. शेजारच्या चाचांनी एसटी चालवण्यात जन्म घालवला होता. त्यांनी मला महिनाभर शिकवलं. आता लायसन तेवढं राहिलं होतं आणि त्याची परीक्षाही उस्मानाबादऐवजी लातूरलाच होणार होती.

मळकी गाडी परीक्षेला नेणं माझ्या स्वभावात नव्हतं. पण घागरीसाठी रांग लागत असताना गाडीवर पाणी ओतायचं कुठल्या तोंडाने? अंघोळीचं साठवलेलं पाणी गाळून त्यात फडकं बुडवलं आणि गाडी पुसली. मग ग्लिसरीन काढलं. टायर, बंपरची पट्टी, खिडक्यांची रबरं असं काळं तेवढं काळंभोर दिसलं, की बाकीची गाडीही धुतल्यासारखी वाटते.

निम्मं झालं आणि टँकर आला. घागर घेऊन मी धावले.

"तू जा, उरल्यालं मी करते," माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. "काय काय ऱ्हायलं?"

"दिसेल तेवढं रबर!" मी पळता पळता ओरडले.

दुसऱ्या दिवशी चाचा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "लायसन काढून राहिली का गाडीचं लगीन लावून राहिली, बेटा?"

परीक्षेच्या मैदानापर्यंत गाडी त्यांनीच आणली. त्यांच्या पायात जाड, खाचांच्या तळाचे बूट होते. माझ्या पायात खास परीक्षेसाठी घेतलेली गुळगुळीत तळाची चप्पल होती. तपासणीस साहेब माझ्या शेजारी बसले, आत्याबाई आणि चाचा मागे.

मी क्लच दाबला. पाय घसरला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच.

"बाई, आणखी एकदा बंद पडली तर पुढच्या महिन्यात या," साहेब म्हणाले.

दहावीचा तास सोमवारपासून होता. मी वाकून पाहिलं. तिन्ही पेडल आरशासारखे चमकत होते.

"आत्याबाई, पेडलांनाही लावलंत?"

"मंग? तूच म्हणलीस की, दिसल तेवढं रबर. धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात भेदभाव न्हाई. रबरात कशाला करू?"

चाचा खो खो हसायला लागले. साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"साहेब, दोनच मिनिटं," म्हणत मी खाली उतरले. फडक्याने पेडल खसाखसा पुसले. त्या वर्षी लातुरात माती मात्र हवी तेवढी होती. मूठभर उचलून पेडलांवर चोळली, झटकली. चप्पल काढून चाचांच्या हातात दिली आणि अनवाणी बसले.

"पेडलला माती लावणारा उमेदवार पहिल्यांदाच बघतोय," साहेब म्हणाले.

गाडी निघाली. मैदानाला पुरी फेरी मारली, मागेही घेतली. मग ते म्हणाले, "ब्रेक दाखवा." मी असा दाखवला, की त्यांच्या हातातलं पेन उडून पायाशी पडलं. त्यांनी ते शोधून काढलं आणि त्यानेच कागदावर 'पास' लिहिलं.

सोमवारी सातला दहा कमी असताना मी शाळेच्या फाटकात होते. शिपाई अजून कुलूप काढत होता. मुली येतील तशा गाडीभोवती जमल्या. एकीने टायरवरून बोट फिरवून विचारलं, "बाई, टायर नवे घेतले का?"

"इंग्रजीत विचार," मी म्हणाले. दहावीचा पहिला तास तिथेच, फाटकापाशी सुरू झाला.