आधी चारा, मग गोधडी

आमच्या पंचवटीतल्या गल्लीच्या टोकाला एक घोडीवाला राहतो. लग्नाच्या वरातींना घोडी देतो. माणसांना अरे-तुरे करेल, पण घोडीला मात्र कायम "अहो बाई". ही म्हातारी घोडी थंडीला फार हळवी. गेल्या वर्षी तर गारठ्याने आडवीच झाली होती.

परवा सकाळी ती थरथरताना दिसली आणि मला राहवेना. घरातली जाड गोधडी नेऊन तिच्या पाठीवर टाकली. तेवढ्यात हा आला, गोधडीखाली हात घालून पाहिलं आणि ती सरळ काढूनच टाकली.

"मावशी, पत्र्यावरून दव ठिबकून अंग ओलं झालंय तिचं. ओल्यावर पांघरलं की गारठा आतच कोंडतो."

मग त्याने कोरड्या गोणपाटाने तिला खसाखसा पुसलं, कानाच्या मुळाशी बोटं लावून ऊब पाहिली आणि पुढ्यात कडब्याची पेंढी टाकली. "आधी पोट. चावत राहिली की आतून तापते." हळूहळू तिचं कापणं थांबलं, तेव्हा कुठे त्याने माझी गोधडी घातली.

मी तोवर शाल आवळून ओट्यावर कुडकुडत बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू रात्री काय जेवलीस?"

"एकटीसाठी कोण भाकरी थापतं रे! चहा-बिस्किट घेतलं."

"मग कापणारच की, अहो बाई!"

मेल्याने मला घोडीच्या पंगतीला बसवलं, पण खरं सांगते, फार बरं वाटलं. आता रोज रात्री गरम भाकरी खाते, मगच पांघरूण घेते.