सगळं दुकान भिजवलं त्याची गोष्ट

मुरलीधर भावोजींना कापडातलं काही कळत नव्हतं, म्हणून ते कापडाच्या धंद्यात पडले. सत्त्याण्णव साली त्यांच्या इथल्या, आखातातल्या काँट्रॅक्टिंग कंपनीने त्यांना 'खलास' म्हणून सांगितलं. नायजेरियाच्या, घानाच्या व्यापारी बायका देराच्या बाजारातून आफ्रिकन प्रिंटचे गठ्ठेच्या गठ्ठे नेतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे शावर्मा खाता खाता पाहिलं होतं. तेवढा अभ्यास त्यांना पुरला आणि त्यांनी तिथेच सबखाच्या गल्लीत गाळा घेतला.

त्यांची बायको वासंती माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची, म्हणून मला सगळं ठाऊक. तिला एकच धास्ती होती. दुकान बुडालं की व्हिसा जाणार आणि पुन्हा मिरजेला थोरल्या दिरांच्या घरी, जावेच्या हाताखाली राहायचं. "तिथे मी चहासुद्धा विचारून करायचे गं," ती मला म्हणाली होती.

माल आला. पिवळ्यावर जांभळे मोर, लालावर निळे पंखे, कडक चकचकीत सुती कापड, सहा-सहा वारांच्या घड्या, वर सोनेरी लेबलं. भावोजींनी ते बोटांत चोळलं आणि त्यांच्यातला सचोटीचा मराठी माणूस जागा झाला.

"नुसती खळ आहे! गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात आटलं म्हणजे? आपल्याला असला धंदा करायचा नाही."

कोरं कापड भिजवल्याशिवाय आपण शिंप्याकडे देत नाही, हे खरं. पण म्हणून कुणी सगळं दुकान भिजवतं का? यांनी भिजवलं. आमच्या गच्चीवर दोन दिवस जत्रा भरल्यासारखं वाटत होतं. लेबलं वॉचमनने झाडून टाकली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते फोलाके, लागोसची व्यापारीण. तिने कापड चाचपलं, हुंगलं.

"हू वोअर इट?"

"नो नो मॅडम, ओन्ली वॉश्ड! नो श्रिंकिंग! हंड्रेड पर्सेंट ऑनेस्ट!"

"आय अ‍ॅम नॉट आस्किंग इफ यू आर ऑनेस्ट. आय अ‍ॅम आस्किंग, हू वोअर इट?"

कडकपणा आणि लेबल हीच त्या कापडाच्या नवेपणाची खूण, आणि दोन्ही गटारात गेली होती. आठवडाभरात 'जुने कपडे विकणारा इंडियन' अशी भावोजींची ख्याती झाली. या लोकांना क्वालिटी कळत नाही, असा निष्कर्ष काढून ते घरी येऊन झोपले.

वासंतीने शिवणयंत्र काढलं. त्यावर ती बिल्डिंगमधल्या बायकांची ब्लाउजं शिवायची. तिने त्या कापडाचा घोळदार झगा शिवला आणि इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना दाखवला.

"चाळीस दिरहॅम? म्हणजे चारशे रुपये! पडद्याला बरं दिसेल गं," त्या म्हणाल्या. त्यांचे पडदे मी पाहिलेत.

मग तिने तो स्वतःच घातला. लेक दिया किंचाळली, "आई, प्लीज, डोन्ट कम टू माय स्कूल इन दॅट!" वासंती शाळेत गेली नाही. ती दुकानात जाऊन काउंटरशी उभी राहिली.

काही दिवसांनी फोलाके समोरून जाताना थांबली. आत येऊन तिने झग्याची शिवण उलटून पाहिली. तिच्याकडचे तयार कपडे पहिल्या धुण्यात आखडत आणि गिऱ्हाइकं भांडायला येत.

"धिस वन विल श्रिंक?"

"नो. ऑलरेडी वॉश्ड," वासंती म्हणाली.

फोलाकेने शंभर झगे सांगितले. पुढच्या खेपेला आणखी, वर शर्टही. मिरज टळली. आनंदाने मला रडू आलं, वासंती मात्र बॉबिन भरत बसली होती.

चार वर्षांनी मंडळाने 'यशस्वी उद्योजक' म्हणून सत्कार केला. भावोजींचा. लायसन्सवर नाव त्यांचं ना! शाल आणि नारळ घेऊन ते माइकवर म्हणाले, "पहिल्या दिवसापासून माझं एकच धोरण, आधी धुवा, मग शिवा." टाळ्या पडल्या. वासंतीला सौभाग्यवती म्हणून एक ब्लाउजपीस मिळाला. माझा असा संताप झाला की मी जेवले नाही.

घरी येताच वासंतीने ती लाल शाल बादलीत बुडवली.

"अगं अगं! सत्काराची शाल ती!"

"कोरी आहे. भिजवून घेते. तुमचंच धोरण ना?"

बघता बघता पाणी लालभडक झालं आणि शाल फिकट गुलाबी. भावोजींनी बाह्या सरसावल्या आणि शाल पिळायला घेतली. पिळणं त्यांना छान जमायचं. चार वर्षं दुकानातलं तेवढंच काम त्यांच्याकडे होतं.