लाल खुणेचे दगड

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, म्हणून हसा, पण चहा सांभाळून. मी परदेशात जाऊन जे करून आलो ना, ते आमच्या अख्ख्या खानदानात कुणी केलं नसेल! खानदानात आधी कुणी परदेशात गेलंच नव्हतं, तो भाग वेगळा.

परदेश म्हणजे नेपाळ. कंपनीत सांगितलं तर शिफ्टमधली पोरं काय म्हणाली असतील? "जाधवसाहेब, जिथं मतदान कार्डावर जाता येतं, ते कसलं फॉरेन, राव?" असू दे. विमानात बसलो, उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं. मग फॉरेन नाही तर काय?

झालं असं, की आमच्या वैष्णवीचं नाव एका सेवा-सहलीसाठी निवडलं गेलं. वय वर्षं सोळा, नुकतीच अकरावीत गेलेली. एक संस्था अकरा पोरांना नेपाळच्या डोंगरातल्या एका शाळेत काम करायला नेणार होती. अट एकच, प्रत्येक मुलासोबत एक पालक हवा. मी बायकोला विचारलं, "तू जातेस का?"

ही म्हणाली, "तुम्हीच जा. दहा दिवस तरी मला परीक्षा न देता चपात्या करता येतील."

आता तिचंही चुकत नाही. मी चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर उभा आहे. गाडीचे ब्रॅकेट येतात, मी व्हर्नियर लावून मापं घेतो. बरोबर असला तर पुढं. वाकडा निघाला की खिशातला लाल मार्कर काढून त्याच्यावर खूण. लाल लागलं की तो पीस रिजेक्ट, बाजूच्या लाल पेटीत, परत लाइनवर येणे नाही. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? पिंपरीच्या मंडईत मी वांगी उलटीपालटी करायला लागलो की भाजीवाली म्हणते, "साहेब, वांगी घेताय का स्थळ बघताय?"

वैष्णवीला तर मी पुरतं छळलंय. तिच्या विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल मी परीक्षकांसमोरच सरळ करायला गेलो होतो आणि ते माझ्या हातात आलं. त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी आकुर्डीच्या घरात तिनं मला समोर बसवलं.

"पप्पा, तिथं भिंतीच्या कामाची गटप्रमुख मी आहे. तुम्ही इन्स्पेक्टर नाही. दगड द्या म्हटलं की दगड द्यायचा. मला एक तरी गोष्ट माझी मला पूर्ण करू द्या. शब्द द्या."

दिला की! शब्द द्यायला काय जातंय?

गाव छान होतं. शाळेच्या मैदानाची एक कड मागच्या पावसात खाली दरीत गेली होती, त्यामुळं पोरांना मैदान बंद. सुट्टीत बिचारी व्हरांड्यात दाटीवाटीनं बसायची. कडेला कंबरेएवढी दगडी भिंत उभी राहिली की हेडमास्तर मैदान उघडणार होते. गावकऱ्यांनी ओढ्यातून दगड आणून टाकायचे, आम्ही साखळी करून पुढं द्यायचे, आणि गावचा म्हातारा गवंडी ते रचणार. सिमेंट नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड. मुदत आठ दिवस.

पहिल्या दिवशी मी गुणी बाळासारखा दगड देत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मात्र माझं लक्ष दगडांकडं गेलं. अहो, एक त्रिकोणी, एक बटाट्यासारखा, एकाला तर मधेच पोक आलेलं. कशाला कशाचा मेळ नाही! असला माल लाइनवर जाऊ द्यायचा? माझे हात शिवशिवायला लागले. वैष्णवी पार दुसऱ्या टोकाला गवंड्याजवळ होती. म्हटलं, नुसते वेगळे तर काढतो. तिचंच काम चांगलं होईल. मी सामानातून व्हर्नियर काढून आणला आणि मार्कर उघडला.

पण ओल्या दगडावर मार्कर उठेना. शाळेला लागूनच हेडमास्तरांचं घर. त्यांची आई, सगळं गाव तिला आमा म्हणायचं, अंगणात उभी राहून मी काय करतोय ते बघत होती. मी म्हणालो, "आमा, कुछ लाल मिलेगा? पत्थर को लगाने का है."

आमानं माझ्याकडं पाहिलं, दगडांकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. आत पळाली आणि पितळी ताटलीत लालभडक लगदा घेऊन आली. दही, तांदूळ आणि लाल पूड, असं कालवलेलं. मी म्हटलं, वा! चिकटायला बरं म्हणून तांदूळ घातले असतील. काय विचार करतात ही माणसं!

झालं, सुरू. पोकवाला दगड, अंगठ्यानं लाल ठिपका. बटाटा, लाल ठिपका. आणि गावकऱ्यांची शिस्त काय सांगू तुम्हाला! ठिपका लागलेला दगड ते दोन्ही हातांनी उचलायचे, व्हरांड्यात स्वच्छ चटईवर नेऊन ठेवायचे. एकही चुकून भिंतीकडं गेला नाही. चाकणला मी बावीस वर्षं घसा कोरडा करतोय, तरी रिजेक्ट माल मिसळतोच. इथं एकदा दाखवलं आणि पुरलं!

तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर रांग लागली. लोक घरून दगड घेऊन यायला लागले होते. मी प्रत्येकाला व्हर्नियर लावायचो. दगड चांगला निघाला की अंगठा वर करून ओरडायचो, "नंबर वन! पास!" तर त्या माणसाचा चेहरा पडायचा. आणि वाकडा निघाला, लाल लावला, की तो दोन्ही हात जोडून हसत हसत जायचा. मी म्हटलं, काय खिलाडू लोक! रिजेक्ट झाले तरी आनंद. आमच्या सप्लायरांना इथं ट्रेनिंगला पाठवलं पाहिजे.

मग आमा आली. पाठीवरच्या टोपलीत एक दगड. काय दगड होता, राव! चौकोनी, काटकोनात, वरून गुळगुळीत. मी चारही बाजू मोजल्या. मला भरूनच आलं. "आमा, नंबर वन!"

आमा हलेना. तिनं ताटलीकडं बोट दाखवलं.

"नहीं नहीं, इसको लाल नहीं. ये एकदम बढ़िया है!"

आमानं पदरानं दगडावरची धूळ पुसली. दगड टोपलीत घातला आणि गेली. दुसऱ्या दिवशी तोच दगड धुऊन-पुसून परत घेऊन आली. मी परत मोजला. परत नंबर वन! त्या दिवसापासून आमाचा चहा इतर एकवीस जणांना मिळायचा, मला नाही. मी म्हटलं, म्हातारं माणूस, विसरत असेल.

पाचव्या दिवशी तर मालाचा दर्जा पार घसरला. जो येतोय तो वाकडाच दगड आणतोय! तिरके, फुटके, तोंड वेंगाडलेले. मी वैतागून लाल लावत सुटलो. संध्याकाळी पाहतो तर भिंत गुडघ्याएवढी आणि व्हरांड्यातला रिजेक्टचा ढीग माझ्या छातीएवढा.

त्या ढिगापुढं आमच्यातले तापकीरभाऊ उभे. चाकणजवळच्या गावचे जुने शेतकरी, पोराबरोबर आलेले. चपला काढून, डोळे मिटून, हात जोडून.

"भाऊ, नमस्कार कुणाला करताय?"

"देवाला की."

"इथं कुठाय देव?"

"आवो, आता तुमीच तर मांडल्यात न्हवं! चार दिस बघतोय, तुमी एकेका दगडाला टिळा लावताय, लोकं फुलं वाहत्यात. आमच्या शिवंवरला म्हसोबा बी आसाच हाय. लाल दिसलं की हात आपसूक जुळत्यात, न्हाई का?"

मी ढिगाकडं नीट पाहिलं. फुलं होती. उदबत्ती होती. माझ्या बटाट्यासमोर साखरफुटाणे होते!

मी मूळचा बीडकडचा. आमच्याही गावच्या वेशीवर शेंदूर फासलेला दगड आहे, आणि त्याच्या पाया पडल्याशिवाय मी एका पेपरला गेलो नाही. मला कळू नये? पण बावीस वर्षांत माझ्या डोक्यात लाल म्हणजे रिजेक्ट हे इतकं पक्कं बसलं होतं, की समोर टिळ्याचं ताट आलं तरी मला त्यात पेंटचा डबा दिसला.

तेवढ्यात वैष्णवी आली. गावातल्या मुलींनी तिला विचारलं होतं, तुझे बाबा एवढे पुण्यवान, मग आमाच्या दगडावर त्यांचा राग का? तो दगड म्हणजे तिच्या घराची पायरी. तिच्या गेलेल्या नवऱ्यानं स्वतः घडवून बसवलेली. भिंतीत घालण्यासाठी तिनं ती उकरून काढली होती, आणि पाहुण्यानं दोनदा टिळा नाकारला.

"पप्पा, तुम्ही शब्द दिला होता."

ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस उरलेले, भिंत गुडघ्यावर, आणि निम्मे दगड देव होऊन बसलेले. डोळे पुसून ती भिंतीकडं बघत राहिली. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मी म्हणालो, "मी उद्या सगळ्यांची माफी मागतो."

"माफी मागून सांगणार काय? तुमच्या देवांना मी भंगार समजलो?"

मी व्हर्नियर गुपचूप खिशात घातला.

थोडा वेळ विचार करून ती उठली, हेडमास्तरांशी बोलून आली आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्या दगडांना टिळा लावायचा. एकूण एक."

"चांगल्यांनासुद्धा?"

"चांगल्यांनासुद्धा! मग सगळे सारखे आणि सगळे भिंतीत. पोरांना राखायला देव भिंतीत बसले तर कुणाची हरकत नाही, हेडमास्तरांनी सांगितलंय. आणि पहिला टिळा आमाच्या पायरीला."

बावीस वर्षांत मी एकदाही शंभर टक्के माल रिजेक्ट केला नव्हता. त्या सकाळी केला! आधी आमाच्या दारात गेलो, तिच्या पायरीला टिळा लावला, खाली वाकून डोकं टेकलं. आमा आत गेली, आणि मला चहा मिळाला. मग दुपारपर्यंत अंगठा चालू. माझं नख अजून लाल आहे, हे बघा.

व्हर्नियर वैष्णवीनं काढून घेतला. पुढचे तीन दिवस मी फक्त दगड दिले, तोंड मिटून. आणि तिथं मला आणखी एक गोष्ट दिसली. गवंडी माझे जुने नंबर वन हातात घ्यायचा, फिरवायचा आणि बाजूला ठेवायचा. पोकवाला मात्र हसत उचलायचा. शेवटी मला राहवलं नाही, मी विचारलंच. तो म्हणाला, "साब, टेढ़ा टेढ़े को पकड़ता है. चिकना फिसल जाता है." म्हणजे बघा, चूक नुसती लाल रंगाचा अर्थ लावण्यात नव्हती. माझी तपासणीच पहिल्या दगडापासून उलटी होती!

आठव्या दिवशी दुपारी भिंत कंबरेला लागली. शेवटचा दगड वैष्णवीनं बसवला. आमाची पायरी सगळ्यांत वर, पोरांना बसता येईल अशी. हेडमास्तरांनी मैदान उघडलं आणि व्हरांड्यातली सगळी पोरं अशी सुटली की बास. पोरगी माझ्याकडं बघून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा! छाती भरून आली माझी, खरं सांगतो.

मग निरोपाचा कार्यक्रम. आम्ही बावीस जण ओळीत उभे. आमा तीच पितळी ताटली घेऊन एकेकाच्या कपाळावर टिळा लावत येत होती. भला मोठा टिळा, नाकापर्यंत तांदूळ ओघळणारा. वैष्णवीला लावला, तापकीरभाऊंना लावला. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, मान वाकवली.

काहीच होईना.

डोळे उघडतो तर आमा माझ्याकडं एक डोळा बारीक करून बघतेय, आणि तिच्या हातात माझा व्हर्नियर! माझ्या पोरीनं आदल्या दिवशी आमाला सगळं खरं सांगितलं होतं, आणि आमाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. आमानं माझं नाक मोजलं. कपाळ मोजलं. दोन्ही कान मोजले. मग अंगठा वर करून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, "नंबर वन! पास!"

आणि टिळा न लावता पुढच्या माणसाकडं गेली.

गाव नुसतं लोळत होतं हसून. गवंडी भिंतीला धरून उभा. मी आपला वाकलेला तो वाकलेलाच. शेजारून वैष्णवी कानाशी म्हणाली, "अभिनंदन पप्पा. कसं वाटतंय?"

कसं वाटणार? त्या दिवशीचा ग्रुप फोटो मोबाइलमध्ये आहे, बघा तुम्हीच. एकवीस रिजेक्ट माल दात काढून हसतोय, आणि मधे एकटा ओके पीस रडकुंडीला आलाय!