मधला पाटा

जुनी मोटर घेतली की भेटणारे आधी तिची तब्येत विचारतात, मग माणसांची. शहाडला आमच्याकडे तसंच होई. उत्तरं देता देता किस्से साठत गेले.

पहिला माझ्या लग्नानंतर लगेचचा. मोटरीची स्प्रिंग म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या, एकीवर एक. मेकॅनिक त्यांना पाटे म्हणतात. सासूबाईंना हे कुठून ठाऊक? यांनी कल्याणहून माणसाकरवी कळवलं, पाटा तुटलाय, उशीर होईल. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन बघून आल्या. त्या माणसाला म्हणाल्या, "आमचा धड आहे. हवा तर न्या. वरवंटा मात्र मिळायचा नाही."

*

तुटलेला पाटा बदलला तरी गाडी डावीकडे कलायची. म्हणून धिप्पाड भाऊजींना कायम उजवीकडे बसवायचे. डोंबिवलीच्या एका लग्नाहून निघताना ते पाहून यजमान त्यांना म्हणाले, "ठरलेली जागा? घरात तुमचं वजन दिसतंय!"

"घरात कुठलं हो," भाऊजी म्हणाले, "गाडीत!"

*

मुलगी माझ्या माहेरी, ठाण्याला झाली. तीन महिन्यांनी तिला घेऊन शहाडला जायचं. मामंजींचं म्हणणं, दारात मोटर असताना नात आगगाडीने का यावी? आणि मी पडले इंटर सायन्स! वाकून वाकून पोलाद थकतं, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस मोडतं, हे वाचलेलं. मी दोनदा जाणं पुढे ढकललं. सासूबाईंनी नात अजून पाहिलीसुद्धा नव्हती.

"आधी रिकामी फिरवून बघतो," हे म्हणाले.

"अहो, बघण्यातच उरलासुरला पाटा मोडेल!"

"मग न फिरवता बघू कसा?"

याचं उत्तर इंटरला नव्हतं.

*

शेजारणी आईला हळूच विचारू लागल्या, सासरी काही जाच आहे का? आई म्हणाली, "सासरची माणसं गुणी आहेत हो. हिचं गाडीशी पटत नाही."

*

शेवटी सासूबाई स्वतःच त्या गाडीतून न्यायला आल्या. आता नाही कसं म्हणू? पोरीला घट्ट धरून बसले. तिला झोप लागली, मला घाम फुटला.

भिवंडी मागे पडली आणि खालून खाडकन आवाज आला. यांनी गाडी थांबवली, खाली शिरले, पोलादाचा एक तुकडा घेऊन बाहेर आले.

मी डोळे मिटूनच विचारलं, "तुटला?"

"आज नाही. तुटल्या जागी गंज चढलाय. हा मधला पाटा केव्हाच गेलेला."

गाडी थांबलेली, त्यामुळे पोर जागी होऊन रडायला लागली. सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं.

"अरे, चालव आधी," त्या यांना म्हणाल्या. "आणि नवा बिवा घालू नकोस. पोरीला तुटक्यावर झोप लागते."