काकाजींच्या बांधीत सोडलेलं पाणी

मॅडम बांधीत उकिडव्या बसल्या, मूठभर माती नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "इथं पाणी कोणी सोडलं?"

मी सोडलं होतं. भल्यासाठी सोडलं की स्वतःचा अपराध झाकायला, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं आणि आता लिहितानाही कळत नाही.

ती बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, काकाजींची. माझं धानाचं शेत वर, मध्ये मातीच्या बांधाचा एक धुरा, आणि खालच्या अंगाला त्यांचं. काकाजी नात्याचे नव्हेत. वडिलांच्या वयाचे, म्हणून काकाजी. त्यांच्या बांधीच्या एका कोपऱ्यात कित्येक वर्षं धान होत नाही. पऱ्ह्यांची रोपं लावली की पंधरा दिवसांत पिवळी पडतात, आणि चिखलात पाय घातला की पाण्यावर तेलाचे रंगीत डाग फिरू लागतात. "मरायच्या आधी या कोपऱ्यात एक रोवणा पाहाचा आहे मले," असं ते दरवर्षी धानाच्या लावणीला म्हणत, आणि मी मान खाली घालून ऐकत असे.

तरुणपणी मी भंडाऱ्याजवळच्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपसाठी ट्रॅक्टर चालवत होतो. ते वर्कशॉप आता नाही. तिथलं जळकं तेल आणि यंत्रं धुतलेला काळा गाळ ट्रॉलीत भरून देत आणि म्हणत, टाक कुठंतरी. माझ्या धुऱ्याला लागून मुरमाचे जुने खड्डे होते, त्यांत मी टाकत गेलो. जागा माझीच होती. उतार काकाजींकडे आहे हे धान पिकवणाऱ्या माणसाला कळत नाही असं कसं म्हणू? कळत होतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, कृषी महाविद्यालयाच्या या मॅडम आल्या. मातीत तेल खाणारे जिवाणू असतात. त्यांना शेण, कोंडा घालून तिथंच वाढवायचं, असा त्यांचा प्रयोग. त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं. त्या दिवशी मी साकोलीला निघून गेलो. काम काही नव्हतं. तेल आलं कुठून, असं कोणी विचारेल याची भीती होती. बसस्टँडवर बसून राहिलो आणि संत्री घेऊन परतलो. अर्धी काकाजींच्या घरी दिली.

त्यामुळे मॅडमनी बजावलेली मुख्य गोष्ट मी ऐकलीच नाही. माती वखरून मोकळी ठेवायची, नुसती ओलसर. पाणी साचू द्यायचं नाही.

मला इतकंच ठाऊक होतं की खालच्या बांधीत काहीतरी जिवंत सोडलं आहे. आमच्याकडे जिवंत ठेवायचं म्हणजे पाणी द्यायचं. उन्हाळी धानाला बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी पाळीनं मिळतं. माझी पाळी आली तेव्हा मी धुरा फोडला, सगळं पाणी काकाजींकडे सोडलं आणि घोटाभर साचेपर्यंत तिथंच उभा राहिलो. पुढच्या पाळीलाही तेच केलं. बायको म्हणाली, "आपलं धान वाळून राहिलं, तुमचं काय चाललं हे?" फार वर्षांनी मला हलकं वाटत होतं.

आणि आता मॅडमच्या मुठीतल्या मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. "पाण्याखाली हवा संपली," त्या म्हणाल्या. "हे जिवाणू श्वास घेतात हो. सगळी मेहनत बुडाली."

"त्याले नोका बोलू, मॅडम," काकाजी मध्ये पडले. "सोताचं धान वाळवून मले पाळी देल्ली यानं. दोनदा! असा शेजारी कोणाले भेटते?" मग माझ्याकडे वळून हसले. "पण बैताडा, इचारलं तरी असतं. साऱ्याईले सांगतलं मॅडमनं. तू कुठी मेला होता?"

"साकोलीले."

"संत्री आनाले!"

मॅडम हसल्या नाहीत. "पुन्हा पहिल्यापासून करू," त्या म्हणाल्या. "पण इथं नुसतं तेलच आहे, की थिनर-बिनरही? ते असेल तर आमचे जिवाणू टिकणार नाहीत, वेगळे आणावे लागतील."

काकाजींनी हात उडवले. "मले का मालूम!"

मी म्हणालो, "थिनर आहे. रंगाचे डबे धुतलेलं. मीच टाकलं."

काकाजींचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, जागा विसरल्यासारखं.

"कवाची गोष्ट होय?"

"लग्नाच्या आधीची."

त्यांनी मॅडमनी खुणेसाठी आणलेल्या बांबूच्या खुंट्या उचलल्या आणि माझ्या हातात दिल्या. "गाड. कुठी कुठी टाकलं ते दाखव."

चार खुंट्या मी न अडखळता गाडल्या. पाचवीला थांबलो. खड्डे केव्हाच बुजले होते, मधल्या काळात धुराही सरकला होता. मी तीन पावलं पुढं गेलो, परत आलो.

"बरोबर आठोत नाही, काकाजी."

"आठोव. मी बसतो."

मी फोडलेल्या धुऱ्यावरच ते बसले. ऊन चढलं तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्याकडे फेकला. "बांध डोक्याले." आवाज रागाचा होता की नेहमीचा, मला ओळखता आलं नाही. दुपट्टा मी बांधला नाही आणि परतही केला नाही.

पाचवी खुंटी शेवटी जिथं गाडली ती जागा बरोबर होती का, याची मला अजून खात्री नाही. मॅडमनी तिथलीही माती पिशवीत भरून नेली. त्या वर्षी त्या कोपऱ्यात रोवणा झाला नाही.