बत्तीस काडेपेट्या

दुसरीच्या बाईंना उजव्या कानाने काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि डावाही आताशा लहर लागेल तेव्हाच काम करायचा. हे गुपित जगात एकट्या नवऱ्याला ठाऊक आहे, अशी बाईंची पक्की समजूत होती. आता रोज पाच तास बत्तीस पोरांसमोर उभं राहणाऱ्या माणसाचं गुपित कधी गुपित राहतं होय? पण समजुतीपुढे कोण काय करणार!

नवरा बिचारा सांगून सांगून थकला होता. "अगं, मशीन घे कानाचं. चष्मा लावतेस ना, तसंच ते."

"चष्म्याने माणूस हुशार दिसतं. मशीनने म्हातारं दिसतं," बाई म्हणायच्या. विषय तिथेच संपायचा.

खरं कारण वेगळंच होतं. मागच्या वर्षी चौथीच्या सरांची नजर अधू झाली आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांचा वर्गच काढून घेतला. तेव्हापासून सर सामानाच्या खोलीत खडूचे खोके मोजत बसतात. बाईंच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. ती पाच वर्षं पोरांशिवाय काढायची, हे त्यांना सहनच होणार नव्हतं.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. कान गेला तर गेला, डोळे होते ना! वर्गात प्रत्येक मुलाची एक रिकामी काडेपेटी होती, वर पांढरा कागद चिकटवलेली आणि त्यावर ज्याची त्याने काढलेली खूण: मासा, बटण, छत्री, काय वाटेल ते. बाई फळ्यावर प्रश्न लिहायच्या, 'शाळेत कसे येता?' खाली टेबलावर रकाने: चालत, सायकलवर, बसने. एकेकाने उठायचं, आपल्या रकान्यात पेटीवर पेटी ठेवायची. मग चौकटीच्या कागदावर एका पेटीला एक चौकोन रंगवायचा, की झाला स्तंभालेख. कोण काय म्हणालं हे ऐकायची गरजच नाही, डोळ्यांना दिसतंय!

नियम तीनच. पेटी आडवीच ठेवायची. एखाद्या रकान्यात कुणीच नसलं, तरी त्याची जागा सोडायची. आणि शेवटी बेरीज बत्तीसच आली पाहिजे. वर्गात एक महाभाग होता, त्याला सगळे वकील म्हणायचे. आपला स्तंभ उंच दिसावा म्हणून तो पेट्या हळूच उभ्या करायचा.

"वकीलसाहेब, उभी पेटी म्हणजे शुद्ध लबाडी!" बाई ओरडायच्या. वकील गालातल्या गालात हसायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दोन महिन्यांपूर्वी वर्गात एक नवी मुलगी आली. तिचा आवाज इतका बारीक, की धड कानाच्या माणसालाही वाकून ऐकावं लागेल. त्यात बसायला मिळाला उजवीकडचा शेवटचा बाक. ती मागून हाक मारी, बाई फळ्यावर लिहीतच राहत. शेवटी तिची आई शाळेत आली. "बाई माझ्या मुलीकडे ढुंकूनही बघत नाहीत!" म्हणाली.

मोठ्या बाईंची चिठ्ठी आली. 'गुरुवारी तुमच्या तासाला येऊन बसते.'

बाईंची झोप उडाली. पण हुकमाचा पत्ता होता ना हातात! त्यांनी मुलांना सांगितलं, "यावेळी प्रश्न तुम्हीच ठरवा, आलेखही तुम्हीच काढा. मी बघणार नाही. गुरुवारी मोठ्या बाईंना दाखवू." फार तर कुत्रा आवडतो की मांजर, असलं काहीतरी विचारतील, असं त्यांना वाटलं. तिथेच त्या फसल्या.

गुरुवारी मोठ्या बाई आल्या आणि नेमक्या उजवीकडच्या शेवटच्या बाकावर बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी काहीतरी विचारलं. बाई फळ्यावर तारीख लिहीतच राहिल्या. पहिल्या बाकावर एक चिमुरडी बसायची, जगाला सल्ले देते म्हणून तिचं नाव आजीबाई. तिने बाईंची बाही ओढली आणि बोट मागे दाखवलं. मोठ्या बाईंनी ते बघितलं.

तेवढ्यात वकिलाने कपाटामागून मोठा कागद ओढून काढला आणि फळ्याला लावला. वर ठळक अक्षरात प्रश्न होता, 'बाईंशी कुठून बोललं की लगेच ऐकू जातं?'

डावीकडून एकोणीस. समोरून तेरा. उजवीकडून, पाठीमागून, दोन्ही रकाने कोरे, पण जागा शिस्तीत सोडलेली.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"हे कशासाठी केलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नव्या मुलीला माहीतच नव्हतं ना," आजीबाई म्हणाली. "ती मागून हाक मारायची आणि मग रडायची. म्हणून तिला दाखवलं."

"आणि तुम्हाला केव्हापासून माहीत?"

"पहिल्यापासून! पण आम्ही कुणाला सांगितलं नाही हं," वकील घाईघाईने म्हणाला. "आम्ही नुसता आलेख काढला."

मोठ्या बाईंनी ओठ हलवत बेरीज केली. बत्तीस. मग शेजारच्या नव्या मुलीकडे वळल्या. "तुझी पेटी कुठल्या रकान्यात?"

ती उठली. अख्खा वर्ग ओलांडून बाईंच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझी छत्रीची पेटी इकडे आहे. डावीकडे."

दोन महिन्यांत पहिल्यांदा बाईंना तिचा आवाज ऐकू आला. गोड आवाज होता पोरीचा. बाईंना इतकी लाज वाटली, की खडू ठेवून त्या खुर्चीवर बसल्याच.

"खरं आहे, मोठ्या बाई," त्या म्हणाल्या. "वर्ग जाईल म्हणून मी लपवलं. आणि माझ्या भीतीपायी ही पोर दोन महिने रडली. आता काय करायचं ते करा."

मोठ्या बाई बाकांमधून वाट काढत आल्या आणि फेरी घेऊन डावीकडे उभ्या राहिल्या.

"चौथीच्या सरांनीही असंच लपवलं हो. वह्या न वाचता सह्या करत राहिले, म्हणून वर्ग काढावा लागला," त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दुसरी तुमच्याकडेच राहील. पण मशीन उद्याच्या उद्या घ्यायचं!"

"घेते. पण हळू बोला ना," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "या बाजूने येतं मला ऐकू."

वर्ग खो खो हसला. वकील तर बाकावरच चढला.

नवी मुलगी मात्र अजून तिथेच उभी होती, कोऱ्या रकान्यांकडे बघत. "बाई," ती म्हणाली, "मशीन आल्यावर मी माझ्या जागेवरून हाक मारू?"

"मार की," बाई म्हणाल्या. "पहिली हाक तूच मार."